शेतजमिनीवरील घर

कल्याण आणि डोंबिवली या दोन थोरल्या भावांच्या मध्यें ठाकुर्ली हें स्टेशन धाकट्या भावासारखें अंग चोरून उभें आहे. जलद लोकलगाड्या तेथें थांबत नाहींत. पूर्वीं रेल्वेच्या चोळा वीजघरामुळें तरी त्याचें नांव लोकांच्या कानांवर असे. तें वीजघर बंद पडूनही आतां पुष्कळ वर्षें झालीं. माझ्या लहानपणीं गाडीच्या खिडकींतून पाहिलें म्हणजे भाताचीं खाचरें दिसत, आषाढांत बायका गुडघाभर चिखलांत लावणी करीत असत आणि खाडीकडचा वारा डब्यांत शिरे. आज त्याच जागीं सात-सात मजले उभे आहेत. या खाचरांचीं घरें कशीं झालीं, त्यांतलीं कोणतीं रीतसर झालीं आणि कोणतीं रीतीला वळसा घालून झालीं, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे.

मी वकील नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून सारा जन्म प्राथमिक शाळेंत गणित व मराठी शिकविण्यांत गेला. परंतु सेवानिवृत्त मास्तराकडे लोक दोन कामांसाठीं हटकून येतात : एक अर्ज लिहून घेण्यासाठीं आणि दुसरें कागद वाचून घेण्यासाठीं. गेल्या वैशाखांत माझा एक जुना विद्यार्थी असाच आला. तो एका दुकानांत हिशेबनीस आहे. डोंबिवलीच्या बाहेरच्या अंगास एका गांवच्या हद्दींत दोन गुंठ्यांवर बांधलेलें बैठें घर त्याला मिळत होतें. वडिलांच्या फंडाचे पैसे आणि बायकोचे दागिने मिळून रक्कम जमत होती. इसारही दिला होता. पिशवींतून कागद काढून तो म्हणाला, "गुरुजी, सगळें आहे. आपण फक्त एकदां नजर घाला."

कागद पांच होते : जमिनीचा सातबारा, खरेदीखताचा मसुदा, घरपट्टीची पावती, विजेचें बिल आणि ग्रामपंचायतीचा एक जुना ना-हरकत दाखला. ते पाहून मला चष्मा काढून ठेवावासा वाटला. कारण हेच पांच कागद मीं २००८ सालीं एकदां वाचले होते. तें काय झालें तें ओघानें सांगेन. आधीं या कागदांची ओळख करून घेऊं.

सातबारा हा शब्द लहान मुलांनाही ठाऊक आहे, परंतु त्याचा अर्थ मोठ्यांनाही नीट ठाऊक नसतो. गांव नमुना सात आणि गांव नमुना बारा हे दोन तक्ते एका पानावर छापलेले असतात, म्हणून तो सातबारा. सातांत जमीन कोणाच्या नांवें आहे, क्षेत्र किती, आकार किती, भोगवट्याचा वर्ग पहिला कीं दुसरा, इतर हक्क कोणाचे, हें असतें. बारांत पिकें असतात. हा महसुलाचा दप्तरी कागद आहे. त्यांतली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असें महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, सांगते. याचाच अर्थ ती उलटही सिद्ध होऊं शकते. आणि सातबारा कितीही स्वच्छ असला तरी तो फार तर जमीन कोणाची एवढें सांगेल. तीवर घर बांधतां येईल कीं नाहीं हें त्याला विचारणें म्हणजे हजेरीपटाला मुलाचे गुण विचारण्यासारखें आहे.

माझ्या विद्यार्थ्याच्या सातबाऱ्यावर तर अकरा नांवें होतीं आणि इतर हक्कांच्या रकान्यांत कूळकायद्याच्या ४३ व्या कलमाचा शेरा होता. हा शेरा साधा नव्हे. जी जमीन कुळाला १९४८ च्या कायद्यान्वयें मालकीनें मिळाली, तिच्या विक्रीवर कायद्याचीं बंधनें आहेत, असें तो ओरडून सांगत असतो. त्याच कायद्यानें शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकत घेण्यासही सामान्यतः मनाई केली आहे. विकणारे अकरा जण, आणि मसुद्यावर सही एकाची. तो म्हणे सर्वांचा मुखत्यार होता.

आतां गुंठ्याचें गणित. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. एक एकर शेताची रीतसर वसाहत करावयाची तर आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. त्यांत दहावा हिस्सा मोकळी जागा सोडावी लागते, अंतर्गत रस्ते ठेवावे लागतात, सांडपाण्याची वाट दाखवावी लागते. म्हणजे चाळीसांतले दहाबारा गुंठे तरी विकावयास उरत नाहींत. जो आराखडा करीतच नाहीं, तो चाळीसच्या चाळीस गुंठे विकतो. मधें चार फुटांची बोळ ठेवली तर ती त्याची मेहेरबानी! पुढें त्या वस्तींत आग लागली तर बंब आंत जात नाहीं, आजारी माणसाला खाटेवर घालून हमरस्त्यापर्यंत न्यावें लागतें, आणि पहिल्या घराचें पाणी दुसऱ्याच्या उंबऱ्यांत येतें. स्वस्ताई कोठून आली हें यावरून ध्यानांत येईल : रस्ता, गटार आणि मुलांचें खेळण्याचें मैदान विकून ती आलेली असते.

शेताचे असे बारीक तुकडे पडूं नयेत म्हणून १९४७ सालींच तुकडेबंदीचा कायदा झाला. त्याचा मूळ हेतु शेती वांचविण्याचा होता, घरांचा नव्हे. तरीही गुंठेवारी वाढतच गेली. मग २००१ सालीं तीं घरें नियमित करण्याकरितां निराळा गुंठेवारी कायदा करावा लागला, आणि त्याची मुदत २०२१ सालीं वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वस्त्यांना तो लागू केला. २०२५ मध्यें तुकडेबंदीचे नियमही नागरी व निवासी क्षेत्रांपुरते पुष्कळ सैल झाले. हें ऐकून लोकांना वाटतें कीं आतां सगळें माफ झालें. येथेंच मोठी गफलत होते. तुकड्याचा व्यवहार नियमित झाला म्हणजे जमिनीचें हस्तांतर मान्य झालें. तीवर उभें असलेलें घर त्यानें आपोआप मान्य होत नाहीं. घराची परवानगी ही निराळी गोष्ट आहे.

खरेदीखताविषयीं थोडक्यांत सांगतों. दुय्यम निबंधक दस्त नोंदवितो, तेव्हां तो माणसें तींच आहेत ना, त्यांनीं सही केली ना, मुद्रांक भरला ना, हें मुख्यतः पाहतो. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क होता कीं नाहीं याची हमी तो देत नाहीं, आणि घर अधिकृत आहे याची तर नाहींच. विजेच्या बिलाबद्दल एवढेंच म्हणतां येईल कीं त्या घरांत वीज आहे.

घरपट्टीच्या पावतीनें मात्र आजवर सर्वांत अधिक लोकांना फसविलें आहे. "सरकार कर घेतें, म्हणजे घर मान्यच कीं!" हा युक्तिवाद ऐकण्यास इतका सरळ वाटतो कीं मीही एके काळीं त्यावर विश्वास ठेविला. वस्तुतः महानगरपालिकांच्या कायद्यांत २६७-अ या कलमान्वयें अनधिकृत बांधकामावर नेहमींच्या कराच्या दुप्पट शास्ती बसवितां येते, आणि अशी शास्ती भरल्यानें बांधकाम नियमित होत नाहीं असेंही तेथेंच म्हटलें आहे. म्हणजे पावतीवरच शास्तीचा रकाना भरलेला असेल तर ती घराच्या वैधतेचा नव्हे, अवैधतेचा पुरावा असते. पण पावती वाचतो कोण? आपण तिच्यावरचा शिक्का पाहतों.

राहिला ग्रामपंचायतीचा दाखला. त्यासाठीं या भागाचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे. कल्याण महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजीं स्थापन झाली आणि भोंवतालचीं सत्तावीस गांवें तींत आलीं. ग्रामस्थांना तें रुचलें नाहीं. बराच काळ झगडा होऊन २००२ सालीं तीं वगळलीं गेलीं. पुन्हां ग्रामपंचायती आल्या. परंतु बांधकामाचें नियोजन ग्रामपंचायतींच्या हातीं आलें नाहीं. २००६ पासून तें मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे होतें. १ जून २०१५ पासून तीं गांवें पुन्हां महानगरपालिकेंत आलीं. २०२० मध्यें त्यांपैकीं अठरा वगळण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस उच्च न्यायालयानें तो रद्द केला. या ये-जा करण्याच्या काळांत ज्यानें ज्याचा शिक्का मिळेल त्याचा घेतला. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला खोटा असेच असें नाहीं. पण ज्याला परवानगी देण्याचा अधिकार नाहीं त्याची हरकत नसली काय आणि असली काय!

आतां २००८ ची गोष्ट. माझा धाकटा भाऊ तेव्हां भाड्याच्या खोलींत राहत होता. घरमालक दर अकरा महिन्यांनीं बाहेर काढी. एका गांवांत नव्या चाळीची खोली त्याला परवडण्यासारख्या किंमतींत मिळत होती. तो कागद घेऊन माझ्याकडे आला. मीं ते शांतपणें वाचले, शुद्धलेखनाच्या दोन चुकाही दाखविल्या, आणि शिक्का गोल व स्पष्ट आहे असें पाहून म्हणालों, "घे." तो म्हणाला, "दादा, तूं पाहिलेंस ना, मग झालें." पुढें आठ-नऊ वर्षांनीं भिंतीवर नोटीस लागली : परवानगीचीं कागदपत्रें दाखवा, नाहींपेक्षां बांधकाम काढून घ्या. दाखविण्यासारखें त्याच्याकडे कांहींच नव्हतें. ज्यानें चाळ बांधली त्यानें दूरध्वनीचा क्रमांक बदलला होता. घर अद्याप पडलेलें नाहीं; पण त्यावर कर्ज मिळत नाहीं, गिऱ्हाईक येत नाहीं, आणि छत गळूं लागलें तरी "दुरुस्तीला पैसे घालूं कीं नको" असा प्रश्न तो गेलीं कित्येक वर्षें दर मृगाच्या तोंडीं विचारतो. मला त्यानें एका शब्दानें दोष दिला नाहीं. दिला असता तर बरें झालें असतें.

हे नियम मुळांत आले कोठून, असें कोणी विचारील. याचीं मुळें दोन आहेत, आणि तीं निरनिराळ्या मातींतलीं आहेत. पहिलें मूळ तिजोरीचें. १८७९ च्या मुंबई जमीन महसुलाच्या कायद्यानें शेतीसाठीं दिलेली जमीन दुसऱ्या कामाला लावण्यापूर्वीं कलेक्टरची परवानगी आवश्यक केली. सरकारचें म्हणणें एवढेंच होतें कीं भाताच्या शेताला भाताचा सारा. तेथें बंगला झाला तर बंगल्याचा सारा. बिनशेती, ज्याला लोक एन. ए. म्हणतात, ती या विचारांतून निघाली. शेतकऱ्याचें शेतघर मात्र त्या काळापासून शेतींतच धरलें गेलें, आणि १९६६ च्या संहितेंतही अवजारें, वैरण, धान्य, गुरें आणि खातेदाराचें कुटुंब व नोकर यांच्यासाठींची इमारत ही शेतीचीच इमारत मानली. तथापि शहरांलगतच्या व नियोजनाखालच्या भागांत ०.४ हेक्टरपेक्षां, म्हणजे सुमारें एका एकरापेक्षां, कमी जमिनीवर ती बांधतां येत नाहीं अशी अटही घातली. दोन गुंठ्यांवरचें 'फार्म-हाऊस' ही जाहिरातदारांची शेती आहे.

दुसरें मूळ नगररचनेचें. विलायतेंत १९०९ सालीं पहिला नगररचनेचा कायदा झाला, आणि सहा वर्षांतच, १९१५ मध्यें, मुंबई इलाख्यानें आपला केला. प्लेग आणि कोंदट चाळी यांचा अनुभव ताजा होता. पुढें विलायतेंत तर १९४७ च्या कायद्यानें स्वतःच्या जमिनीवरही परवानगीवांचून नवें घर बांधण्याची सोय संपली. आपल्याकडे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याप्रमाणें आधीं योजनेचा नकाशा होतो. त्यांत हा निवासी विभाग, हा शेतीचा किंवा हरित विभाग, येथें शाळा, येथून रस्ता, असें ठरतें. खाडीच्या कांठचा सखल पट्टा मोकळा ठेवण्यामागें कांहीं कारण असतें. २६ जुलै २००५ च्या महापुरानें तें कारण आपणां सर्वांना घरांत शिरून समजाविलें. पाणी साचण्याची जागा भाताच्या खाचराला चालते, स्वयंपाकघराला चालत नाहीं.

हीं दोन मुळें निराळीं आहेत हें लक्षांत ठेवलें म्हणजे हल्लींचा एक मोठा गैरसमज दूर होतो. २०१४ पासून शासनानें महसुलाच्या बाजूची परवानगी टप्प्याटप्प्यानें सोपी केली. विकास योजनेंत निवासी दाखविलेल्या जमिनीला निराळ्या बिनशेतीसाठीं खेटे घालावे लागूं नयेत, गांवठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरांच्या आंतली योग्य विभागांतली जमीन रूपांतरित झाली असें मानावें, अशा दुरुस्त्या झाल्या. त्या चांगल्याच झाल्या. परंतु वर्तमानपत्रांत मथळा येतो, "एन. ए.ची अट गेली", आणि वाचणारा समजतो कीं आतां शेतांत घर बांधण्यास कोणाला विचारणें नको. तिजोरीचें दार उघडलें असेल, नगररचनेचें दार तेथेंच आहे. विभाग निवासी आहे काय, नकाशा मंजूर आहे काय, २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणें रस्ता व सामासिक अंतरें आहेत काय, हें विचारलें जाणारच.

येथें गांवकऱ्यांची बाजू सांगितली नाहीं तर अन्याय होईल. आमच्या भागांतले आगरी शेतकरी कोणाच्याही आधींचे. गांवठाणाची रेघ आजोबांच्या वेळीं जेवढी होती तेवढीच पुष्कळ ठिकाणीं राहिली. घरांत चार मुलगे झाले, चार सुना आल्या. त्यांनीं आपल्याच शेताच्या बांधावर घर बांधलें तर तेंही अनधिकृत, आणि परक्यानें त्याच शेतावर सात मजल्यांची इमारत उठविली तर तीही अनधिकृत. कागदावर दोन्ही सारखीं. माझ्या मतें तीं सारखीं नाहींत. गांवठाण वेळेवर वाढविलें असतें तर नियमाबद्दल लोकांना आदर राहिला असता. आणि ज्या नियमाबद्दल आदर नाहीं, त्याच्या आडून सर्वांत आधीं लबाड माणूस पैसे मिळवितो.

तो किती मिळवितो आणि किंमत कोण देतो, याचीं दोन उदाहरणें आपल्या जिल्ह्यांतलींच आहेत. ४ एप्रिल २०१३ रोजीं मुंब्र्याजवळ शिळफाटा भागांत परवानगीवांचून उठविलेली, अद्याप बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसें मेलीं. त्यांत लहान मुलें पुष्कळ होतीं. दुसरें उदाहरण १९ नोव्हेंबर २०२४ चें. कल्याण-डोंबिवलींतल्या ६५ इमारती तीन महिन्यांत पाडाव्या असा मुंबई उच्च न्यायालयानें आदेश दिला. या इमारतींचीं परवानगीपत्रें बनावट होतीं, आणि त्यांच्याच आधारावर महारेराची नोंदणी मिळविली होती. राहणाऱ्यांनीं बँकेचें कर्ज काढलें होतें, मुद्रांक भरला होता. त्यांच्याकडे कागद नव्हते असें नाहीं, कागद पुष्कळ होते. त्यानंतर सवलतीचीं आश्वासनें आणि वरच्या न्यायालयांतल्या धांवपळी सुरू झाल्या. शेंकडो घरांतल्या मुलांच्या परीक्षा त्या वर्षीं कशा झाल्या असतील, असा विचार एका मास्तराच्या मनांत आल्याखेरीज राहत नाहीं.

म्हणून कागद मिळणें पुरेसें नाहीं. तो ज्या कचेरींतून निघाला म्हणतात त्या कचेरींत जाऊन तो तेथें आहे काय हें पाहिलें पाहिजे. घरासाठीं मुख्य कागद तीन : मंजूर नकाशासह बांधकाम परवानगी, तिच्याबरोबरचें प्रारंभ प्रमाणपत्र, आणि काम पुरें झाल्यावर मिळणारें भोगवटा प्रमाणपत्र. या सर्वांच्याही आधीं, सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर घेऊन नगररचना विभागांतून झोनचा दाखला काढावा. त्याला फार खर्च नाहीं. विकणारा जर म्हणाला कीं "त्याची कांहीं जरूर नाहीं", तर तो नेमका त्याच कागदाला भितो असें समजावें. मोजणीचा नकाशाही मागावा. सातबाऱ्यांतलें क्षेत्र आणि जागेवरचें कुंपण यांची गांठ पुष्कळदां पडत नाहीं.

माझ्या विद्यार्थ्याला मीं एवढेंच सांगितलें आणि चष्मा पुसून पांचही कागद परत दिले. "पण गुरुजी, तेथें तीनशें घरें आहेत, सगळींच कशीं पडतील?" असें तो म्हणाला. या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मीं त्याला माझ्या भावाकडे पाठविलें. दोघे बराच वेळ त्या गळक्या छताखालीं बसले होते असें मागाहून कळलें. दुसऱ्या आठवड्यांत त्यानें रजा काढून झोनचा दाखला मिळविला. तो सर्व्हे नंबर हरित विभागांत निघाला.

त्यानें व्यवहार मोडला. बायकोचे दागिने घरांत राहिले. भाड्याची खोलीही तीच राहिली, आणि भाडें यंदा वाढलें. इसाराची निम्मी रक्कम दलालानें आजवर परत केली आहे. उरलेली मागण्यासाठीं तो दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं जातो; गेल्या खेपेस मला बरोबर घेऊन गेला होता. दलालानें आम्हांला चहा पाजला आणि दुसऱ्या एका शेतावरचे प्लॉट दाखविले.